लोक मामाला हसू लागले ते माझ्यामुळं

माझं गाव गोदाकाठी, शहागडहून पायी तासाभराच्या वाटंवर. गावाचं नाव न्हाई घेत बाई, घेतलं तं लोक म्हणतील म्हाताऱ्यानं जाता जाता गावाची लाज काढली, आन् लाज तं माझी एकट्याची हाय. बापाला सहा एकर रान होतं, आम्ही तिघं भाऊ, मी धाकला. थोरल्या दोघायला नांगर धरता यायचा, मला आवाज काढता यायचे. रेडा कसा हंबरतो, पाटील तंबाखू थुंकून कसा बोलतो, शेजारची म्हातारी कशी खोकलते, सगळं बराबर काढायचो, लोक पोट धरून हसायचे. माय म्हणायची याच्या तोंडात शंभर माणसं बसलेत, याचं स्वतःचं तोंड कोणतं तेच कळत न्हाई. मला ते कौतुक वाटायचं. कौतुक नव्हतं ते, आता कळतं.

तुम्ही इचारलं पोलिसाला मामा कामून म्हणतात. आता बाकीच्या मुलखात हा शब्द कसा आला मला माहीत न्हाई, कोणी म्हणतं मुंबईकून आला, आला आसंल. आमच्याकडं कसा आला तेवढं मी सांगू शकतो, कारण माझ्या डोळ्यासमोर आला, आन् त्याचं पुढं जे झालं ते माझ्या तोंडानं झालं.

निजामाच्या राज्यात पोलिसाला कोणी काही नाव ठिवायची हिंमत नव्हती. तोंडावर जमादारसाब, अमीनसाब, मान खाली घालून. पाठीमागं आमच्या गावात म्हणायचे पाव्हणे आले. पाव्हणे आले म्हणलं की बायका घरात, लेकरं कणगीच्या मागं, कोंबड्या टोपल्याखाली. शेवटच्या वर्षी तं रझाकाराचा आन् पोलिसाचा फरकच राह्यला न्हाई, खाकी दिसली की गाव पळायचं. मंग पोलीस ॲक्शन झालं, राज्य गेलं, मी तव्हा सोळा-सतरा वर्षांचा आसन. राज्य गेलं पण भेव न्हाई गेलं. नवीन पोलीस आले तरी लेकरं पळायचीच, लेकराला कसं कळावं ही खाकी येगळी आन् ती येगळी.

तव्हा आमच्या भागात शंकरराव आले, साधे शिपाई. टेंभुर्णीकडचे, जाफराबादच्या बाजूचे. उंच, काटकुळे, डोळे मोठे. त्यायला एक खोड होती, खोड कसली, देवानं दिलेलं होतं, घाईत बोलायला गेले की जीभ अडकायची. सावकाश बोलले तं जीभ अडकते हे कळायचंबी न्हाई, पण जल्दी बोलायची येळ आली की थ-थ-थ असं व्हायचं, गळ्याच्या शिरा ताठायच्या.

पहिल्यांदा गावात आले ते आजबी दिसतं मला. पाराजवळ पाच-सहा लेकरं खेळत होती, खाकी पाहून पळाली, एक पोरगी पळता पळता पडली आन् पडल्या जागीच रडायली. शंकरराव जवळ न्हाई गेले. तिथंच मातीत उकिडवे बसले, टोपी काढून खाली ठिवली, काठी मागं टाकून दिली आन् म्हणले, बाई, मी तुझ्या मायचा भाऊ हाय, मला मामा म्हण. पोरगी बघूनच राह्यली. तिची माय दारात उभी, सरूबाई. मी तिला अक्का म्हणायचो, आमच्याच गल्लीतली माळीण, शेतातली वांगी-मिरची डोक्यावर घेऊन बाजारोबाजार हिंडायची. सरूअक्का पुढं आली आन् म्हणली, भाऊ आसाल तं पाणी पिऊन जा. ते पाणी पिले. त्या दिवाळीला अक्कानं भाऊबीजेला त्यायला ओवाळलं, मंग बाकीच्या बायकायनंबी ओवाळायला सुरू केलं, तेव्हापासून आठ-दहा गावात शंकरराव म्हणजे मामा. लेकरं त्यांच्या सायकलीच्या मागं पळायची, मामा आला मामा आला. त्या शब्दात हसू नव्हतं बाई. जीव होता. ज्या लेकरायनं खाकीला पाहून चड्डीत मुतलं होतं ती लेकरं खाकीच्या गळ्यात पडायची, एवढं काम त्या एका शब्दानं केल्तं.

आता माझ्याकडं येतो.

वीस-बावीसचा झालो तव्हा जालन्याच्या एका मालकाची टुरिंग टाकीज आमच्या भागात फिरायची, कापडाचा तंबू, पुढं जमीन आन् मागं बाकडे. जांब समर्थाच्या जत्रंत मी तिथं गेल्तो, गर्दीत उभा राहून मालकाचीच नक्कल काढत होतो, मालक मागंच उभा. मला वाटलं आता मारतो. त्यानं इचारलं, नोकरी करतो का. झालं. मला पत्र्याचा कर्णा दिला, दिवसभर टांग्यात बसून गावोगाव वरडायचं आज कोणता खेळ हाय, आन् सांजच्याला खेळ सुरू झाला की पडद्याच्या बाजूला उभं राहून सांगायचं. सिनेमे हिंदीतले, बायाबापड्यायला कळायचे न्हाईत, म्हून मी मराठीतून सांगायचो, आता हिरो हिच्या बापाकडं चालला, आता सासू इख कालवून राह्यली. हळूहळू लोक पडदा सोडून मलाच ऐकायला लागले. खोटं न्हाई सांगत, मला नशा चढली. पान खाऊन, केसाला तेल लावून हिंडायचो, बापाच्या समोरून जाताना मान वर.

मंग एक सिनेमा आला. नाव आता आठवत न्हाई आन् आठवून काय करायचं. त्यात एक पोलीस होता, सगळा सिनेमा त्याच्या फजितीचा. चोर त्याच्या समोरून जायचा, ह्याला दिसायचा न्हाई. चोर त्याचीच टोपी घालून त्यालाच सलाम करायचा. पळताना पट्टा तुटायचा, चड्डी सावरत पळायचा. पहिल्या दिवशी मी सांगायला उभा राह्यलो तं लोक हसंनात. काय सांगू तुम्हाला, पोलिसाला हसायची सवयच नव्हती कोणाला. पडद्यावर का व्हईना खाकीच ती, लोक चुपचाप बसलेले, एक म्हातारा तं इकडंतिकडं बघायला लागला कोणी बघून राह्यलं का. मालक मागून मला हातानं खुणावत होता, हसव, हसव. मला काही सुचंना. मंग पडद्यावरचा पोलीस चोराच्या मागं पळाला आन् माझ्या तोंडातून निघालं, थ-थ-थांब रे, मी म-म-मामा हाय.

सगळा तंबू असा हसला बाई की कनाती हलल्या. माणसं एकमेकाच्या अंगावर पडली. इतक्या वर्षांचं भेव होतं पोटात, ते सगळं हसू होऊन बाहेर आलं आसंल, मी आता तसा इचार करतो. तव्हा काही इचार नव्हता. तव्हा एवढंच कळलं की हे मी केलं.

आठ दिवसाचा खेळ मालकानं पंधरा दिवस चालवला. रोज तंबू भरलेला. मी पडद्यावरच्या पोलिसाला शंकररावांची चाल दिली, त्यायचं बोलणं दिलं, ते सायकलीवरून उतरताना एक पाय कसा टेकायचे तेबी सांगायचो. शहागडच्या बाजारात पोरं सायकलीच्या मागं पळायला लागली, मामा आला मामा आला, पण आता त्यात म-म-म लावून. शब्द तोच. बघता बघता सगळ्याच पोलिसाला मामा म्हणायला लागले. हॉटेलात कोणी पत्ते खेळत आसंल आन् पोलीस येताना दिसला तं पहिले म्हणायचे पाव्हणे आले, आता म्हणायचे मामा आला, आन् पत्ते लपवायचं सोडून हसायचे.

एक दिवस दुपारी शंकरराव तंबूवर आले. मी एकटाच होतो, दोऱ्या ताणत होतो. सायकल लावली, टोपी काढली आन् लई सावकाश बोलले, एक एक शब्द जपून, अडकू नये म्हून. म्हणले भाऊ, तू मला काय म्हणायचं ते म्हण, मव्हं बोलणं तसं हाय, लहानपणापसून लोक हसतात, मला सवय हाय. पण मामा तेवढं सोड. ते मव्हं न्हाई, ते लेकरांनी दिलेलं हाय. आन् उद्या काही बरंवाईट झालं आन् मी कोणाला थांब म्हणलो तं कोण थांबंल.

मी हो म्हणलो. हात जोडून हो म्हणलो, चुकलं मामा म्हणलो.

आन् त्याच दिवशी सांजच्या खेळाला, तंबू भरलेला, लोक वाट बघत की कधी मामा बोलतो, मी पडद्याजवळ उभा राहून तेच सगळं जसंच्या तसं काढलं. ते-ते-तेवढं सोड भाऊ. ते ले-ले-लेकरांनी दिलेलं हाय. लोक रडूस्तोर हसले. मी घरच्यायला, बायकोला हे कधी सांगितलं न्हाई. नदीचं पुढं सांगतोच, पण नदीपेक्षा मला हे जास्ती टोचतं. नदीवर मी न कळता केलं म्हणू शकतो. इथं माणूस हात पसरून आल्ता आन् मला सगळं कळत होतं.

नदीचं असं झालं. दसरा होऊन गेल्ता, पाऊस सरला आसं सगळ्यायला वाटत होतं. त्या दिवशी सकाळी आमच्याकडं ऊन, पण वर कुठंतरी नाशकाकडं पाऊस झाल्ता आन् गोदा चढायला लागली. तव्हा पूल नव्हता, नावंतूनच जायचं. पल्याड बाजार होता, माणसं टोपले-गठुडे घेऊन काठावर थांबलेली. नाव पंधरा माणसाची, तीस-पस्तीस बसायच्या तयारीत. मीबी काठावर होतो, कर्णा घेऊन, बाजाराच्या लोकायला खेळ सांगायला. सरूअक्का होती, डोक्यावर वांग्याचं टोपलं, कडंवर चार वर्षांची लेक, गंगू. पहिल्यांदा मामा आले तव्हा पडली ती थोरली, ती तव्हा लगीन होऊन गेल्ती, ही धाकली.

शंकरराव बंदोबस्ताला होते. पाणी गढूळ झालेलं, त्यात झाडाची डहाळी वाहात येताना त्यायनं पाहिली. ती आली म्हणजे मागून पाणी येतंय हे त्यायला कळलं. ते नावेकडं पळत आले, दोन्ही हात वर करून, घाईत, आन् घाईत त्यायचं जे व्हायचं तेच झालं. थ-थ-थ, थ-थ-थां. शिरा ताठल्या, शब्द निघंना.

मी कर्ण्यातून म्हणलो, थ-थ-थांब रे, मी म-म-मामा हाय.

सगळा काठ हसला. नावाडी हसला. एक जण म्हणला मामा, पट्टा सांभाळा. शंकररावानं नाव धरली हातानं तं दोघा-तिघायनं हसत हसत त्यांचा हात सोडवला, म्हणले बाजार निघून जाईल मामा. सरूअक्का नावंत बसली. तिनं माझ्याकडं पाहिलं, लटकं रागावल्यासारखं केलं, हात उगारला, काय मेला हा म्हणल्यासारखा, आन् पदर तोंडाला लावून हसली. गंगूबी हसली, माय हसली म्हून. नाव निघाली.

मधात गेली आन् पाणी आलं. भिंतीसारखं न्हाई आलं, लोक सांगतात तसं, नुसतं फुगलं, नाव आडवी झाली आन् एका बाजूला सगळी माणसं सरकली. मंग उलटली. काठावरचे आम्ही सगळे नुसते उभे. शंकरराव टोपी-बूट घालूनच पाण्यात उडी मारून गेले. नावाडी आन् पोहता येणारे निघाले, शंकररावानं चौघायला काढलं, शेवटी गंगूला काढलं, केसाला धरून. परत गेले सरूअक्कासाठी. कितीतरी येळ दिसले न्हाईत, मंग पार खाली, वळणाला निघाले, मोकळ्या हातानं. तीन माणसं गेली. सरूअक्का दुसऱ्या दिवशी सापडली.

माझ्या हातात कर्णा होता. तो मी कव्हा खाली ठिवला मला आठवत न्हाई.

चौकशी लागली. मोठे साहेब आले, शाळेच्या खोलीत टेबल टाकून बसले. बंदोबस्ताला शिपाई आसताना नाव सुटली कशी. शंकररावांनी सांगितलं मी थांबवलं होतं. सांगताना अडकले, आन् साहेबाच्या बाजूला बसलेला कारकून तोंड फिरवून हसला, मी खिडकीतून पाहिलं. नावाड्यानं आपली मान सोडवली, म्हणला मला कोणी थांब म्हणलंच न्हाई. मंग काठावरच्या लोकायला एकेकाला बोलावलं. आदल्या दिवशी मालकानं मला सांगितलं होतं, तू यात पडू नको, तुझं नाव आलं की टाकीजचं नाव येतं, लायसन जातं. ते कारण मी लई वर्षं धरून बसलो. पण खरं सांगतो, मालकानं सांगितलं नसतं तरी मी तेच केलं असतं. साहेबानं इचारलं, शिपायानं थांब म्हणलेलं तू ऐकलं का. शंकरराव समोर उभे होते. मी म्हणलो न्हाई साहेब, वाऱ्यात काही ऐकू आलं न्हाई.

त्यायनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता सांगतील, यानंच नक्कल केली, यानंच लोकायला हसवलं. न्हाई सांगितलं. मान खाली घातली. मला पुढं कळलं कामून. साहेबासमोर उभं राहून, लोक मला हसतात, माझ्या खाकीला कोणी मानत न्हाई, हे कोणत्या तोंडानं सांगावं पोलिसानं. त्यापरीस त्यायनं दोष घेतला.

नोकरी गेली. सायकल सरकारी, ती ठिवून ते पायी निघाले, बायको आन् दोन गठुडे. गावातून जाताना एकबी लेकरू मागं गेलं न्हाई. आन् सरूअक्काचा नवरा पोरीला कडंवर घेऊन दारात उभा होता, तो थुकला. म्हणला, भाऊ म्हणून ओवाळलं होतं तिनं, यानं नावंत बसू दिली.

मी टाकीज सोडली. रानात गेलो, थोरल्यासंग नांगर धरला. नक्कल कधी केली न्हाई, आवाजच बंद झाला, लग्नात-बारशात लोक म्हणायचे काढ ना काहीतरी, मी उठून जायचो. चार वर्षं अशीच गेली. मंग मराठी राज्य झालं, गावात गूळ वाटला, सगळे पारावर, मी माझा गूळ नेऊन बैलापुढं ठिवला. दुसऱ्या दिवशी मी टेंभुर्णीला निघालो, मोटारीनं जालना, जालन्याहून पुढं मिळंल त्यानं.

घर सापडलं. कुडाचं घर, पुढं कडुनिंब. शंकरराव ज्वारी निवडत बसले होते. मला ओळखलं. ये म्हणले. बायकोला चहा ठेवायला लावला. मी उंबऱ्याच्या बाहेरच बसलो आन् सगळं बोललो, तंबूतलं, काठावरलं, साहेबासमोरचं. पाय धरायला गेलो तं त्यायनं पाय मागं घेतले. म्हणलो, चला, मी साहेबाकडं येतो, लिहून देतो.

ते लई येळ ज्वारीतच हात फिरवत राह्यले. मंग सावकाश बोलले, आता नोकरी घेऊन मी काय करू, मला आता कोणाला थांब म्हणायचं न्हाई. फकस्त ती पोरगी. तिला तिचा बाप सांगत आसंल की मामानं तुझ्या मायला मारलं. तिला तेवढं खरं सांग. बाकी मला काही नको. चहा पी.

चहा प्यालो. माफ केलं म्हणले न्हाईत, न्हाई केलं आसंबी म्हणले न्हाईत. मी इचारलंबी न्हाई.

आन् बाई, ते तेवढं कामबी मी केलं न्हाई. गावात आलो, गंगू आठ-नऊ वर्षांची, गल्लीत खेळून राह्यलेली. आज सांगू, उद्या सांगू. तिला खरं सांगायचं म्हणजे मव्हं सांगायचं. ती मोठी झाली, लगीन झालं, तिला लेकरं झाली, मला मामाच म्हणायची, हां, मलाबी. शंकरराव कव्हाच वारले, मला सहा महिन्यांनी कळलं. आता टीव्हीवर कोणताबी सिनेमा लावा, पोलीस येतो, पोट सुटलेलं, सगळं झाल्यावर येतो, लोक हसतात. घरातली लेकरं हसतात. मी उठून बाहेर ओट्यावर येऊन बसतो, सून म्हणते बाबाला टीव्ही आवडत न्हाई.

औंदा संक्रांतीच्या आधी मला दवाखान्यात नेल्तं, दम लागला होता. परत आलो आन् गंगूच्या घरी गेलो. सत्तरीची म्हातारी झाली आता ती. सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच, काही गाळलं न्हाई. झाल्यावर मला वाटलं आता जोडा काढंल, काढावाच. तिनं इचारलं, माय हसली म्हणता, कशी हसली. मी म्हणलो, पदर तोंडाला लावून, माझ्यावर हात उगारून. ती म्हणली, मला माय आठवतच न्हाई हो, तिचा एक फोटोबी न्हाई. परत सांगा.

मी परत सांगितलं. तीनदा सांगायला लावलं तिनं.

मंग तिनं डोळे पुसले आन् म्हणली, आता जा तुम्ही. आन् दोन महिन्यांनी तिनंच तुम्हाला माझ्याकडं धाडलं, म्हणली म्हाताऱ्याकून लिहून घ्या, मामाचं नाव लावून लिहा. तव्हापसून ती माझ्याशी बोलत न्हाई, रस्त्यानं दिसली तं पदर वढून जाते. बराबर करते. तिच्या लेकराबाळाचं बरं होवो. तुम्ही शंकररावांचं नाव ठळक लिहा, ते थांबा म्हणले होते असं लिहा. आन् माझं नाव इचारलं कोणी तं सांगा, लपवू नका, आता लपवायला माझ्यापाशी येळ न्हाई.